एमसीआर सँडल: तिन्ही ऋतू काढल्यानंतर

मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर या एमसीआर, म्हणजे आत मऊ रबराचा थर असलेल्या, चपला घ्याव्यात का? घ्याव्यात. दोन जोड घ्यावेत, आणि ऐपत एकाच जोडाची असेल तर तो घरात घालायचा घ्यावा. दुकानात हे कुणी सांगत नाही. तिथे सगळी चर्चा बाहेर काय घालून जायचं याचीच असते.

माझा मधुमेह जुना, पंधरा-सोळा वर्षांचा. त्यात नोकरी शिक्षिकेची, म्हणजे आयुष्य फळ्यासमोर उभं राहण्यात गेलं. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या, आग व्हायची. पुढे ते कमी झालं. अशा वेळी माणूस खूश होतो, पण बऱ्याचदा नसच दमलेली असते. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून नायलॉनच्या बारीक धाग्याचं टोक तळव्याला टेकवलं. 10 ग्रॅमचा जोर पडला की वाकेल असा तो धागा असतो. टाचेला कळला. उजव्या अंगठ्याला आणि त्याच्यामागच्या चवड्याला कळला नाही. नेमका तिथेच मोठा घट्टा होता. तो तासल्यावर खाली मसुराएवढा तपकिरी डाग निघाला. आत रक्त साकळलेलं होतं, वरून काही दिसत नव्हतं. घट्टा तसाच राहिला असता तर त्याचाच दाब पडून आत जखम झाली असती आणि मला पत्ताही लागला नसता. त्याच दिवशी या चपला लिहून मिळाल्या.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. हे स्पंजसारखं मऊ असतं, पण बोटाने दाबून सोडलं की लगेच वर येतं. चवड्यावर एका जागी येणारा भार ते तळवाभर पसरवतं, एवढंच त्याचं काम. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी जी पादत्राणं घडवली, त्यात हेच रबर होतं. कारण रोग वेगळा असला तरी बधिर पायाची जखम सारख्याच रीतीने होते. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी माझे सँडल बघून आवाज खाली आणला आणि "कुठला आजार गं?" असं विचारलं, ते या जुन्या ओळखीमुळेच. आता रंग-डिझाइन बरी मिळतात, पण लग्नाला घालाव्यात अशा अजून नाहीत.

घेताना काय बघायचं ते सांगते. आतला थर मऊ हवा, पण खालचा सोल कडक आणि जाड हवा, नाहीतर बाभळीचा काटा सरळ आरपार येतो. कुठेही खिळा नको; काम चिकटवलेलं आणि शिवलेलं असावं. टाचेमागे पट्टा हवाच. तो नसेल तर चप्पल पायातून निसटते आणि बधिर पायाला ते कळत नाही. अंगठ्याची कडी आणि दोन बोटांमधली पट्टी नको, तिथली चामडी आधी सोलते. म्हणून माझी कोल्हापुरी आता कपाटात आहे. जोडवी काढायला मात्र सांगावं लागलं नाही, ती बोटात रुतायला लागली होती. मापाला संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. माप उभं राहून द्यावं आणि पुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा सुटते का पाहावं. घट्ट बसली की बरं वाटतं, कारण तेवढंच काय ते कळतं. त्या वाटण्यावर जाऊ नका.

आणि हो, त्या टोचऱ्या अॅक्युप्रेशर चपला. ‘शुगरवाल्यांसाठी चांगल्या’ म्हणून आमच्याकडे लोक एकमेकांना भेट देतात. ज्या पायावरचा दाब पसरवायचा, त्याच पायाला शंभर टोकांवर उभं करायचं! मलाही एक जोड आला होता, तो मी भंगारात दिला.

पहिल्या आठवड्यात रोज थोडाच वेळ घालायच्या आणि काढल्यावर पाय बघायचा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे चप्पल लागते आहे असं समजायचं. माझ्या करंगळीच्या बाजूला अशी लाली राहिली. कारागिराने पट्टा उसवून दोन सूत बाहेर घेतला, पैसे घेतले नाहीत.

बाहेरचं सोपं असतं. खरी परीक्षा घरात. माझं दिवसभराचं चालणं ओटा ते फ्रीज, हॉल ते गच्ची एवढंच, पण ते सतत चालू असतं आणि आपल्या रिवाजाने ते सगळं अनवाणी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, स्वयंपाकघरात चपला? अन्नपूर्णेसमोर?" मी वाद घातला नाही. घरातला जोड पांढऱ्या पट्ट्यांचा घेतला, उंबऱ्याबाहेर कधी नेला नाही आणि त्यांच्यासमोर साबणाने धुऊन वाळत घातला. देवघरात मी तो काढते आणि पाटावर बसून पूजा करते. पंधरा दिवसांत त्याच मला हाक मारून सांगायला लागल्या, "चपला घाल आधी, मग ये." पायमोजे घालून घरात फिरणं हा मधला मार्ग अनेकांना सुचतो, पण त्याने दाब कमी होत नाही आणि फरशीवर घसरायला होतं.

देवळाचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. उन्हाळ्यात दुपारी दगडी फरशी तापते आणि बधिर तळव्याला चटका नाही, थेट फोड कळतो. जोतिबाला आम्ही आता पहाटेच जातो, प्रदक्षिणा मी सोडली आहे. कुणाला हे पटणार नाही, हरकत नाही.

तक्रारी आहेतच. वेलक्रो साडीच्या फॉलला अडकतो, दोन साड्यांचे धागे ओढले गेलेत. त्यात केस आणि सुतं जाऊन बसतात, जुन्या टूथब्रशने काढावी लागतात. पावसाळ्यात चप्पल पाणी धरून बसते, वाळायला दीड दिवस जातो आणि वास येतो. ओली चप्पल घालायची नाही, म्हणून पावसाळ्यात बाहेरचाही एक जादा जोड लागतो. वजन जाणवतं. जिना उतरताना सुरुवातीला जपावं लागलं.

घरातला जोड आधी झिजला. अंगठ्यामागे खोलगट वाटी पडली आहे, बोटाने दाबलं तर रबर आता वर येत नाही. म्हणजे त्याचं काम संपलं, वरून कितीही नवा दिसो. बाहेरच्या जोडात अजून जीव आहे.

आणि चपला घातल्या म्हणून पाय बघायचं थांबवता येत नाही. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघते आणि घालण्याआधी चप्पल झटकते. एकदा झटकल्यावर आतून तुरीचा अख्खा दाणा पडला. सकाळभर मी त्याच्यावर उभी होते, तळव्यावर त्याचा खड्डा उमटला होता, आणि मला काहीही जाणवलं नव्हतं. तेव्हापासून दुपारीही एकदा झटकते.

फरक म्हणाल तर घट्टा पूर्वी महिन्याभरात परत वाढायचा, आता तीन-चार महिन्यांनी तासावा लागतो. तपकिरी डाग परत दिसलेला नाही. साखर अजून वर-खाली होते, त्याच्याशी चपलेचा संबंध नाही. ज्यांच्या पायाला आधीच जखम आहे त्यांनी मात्र हा अनुभव वाचून चप्पल घ्यायला जाऊ नये. उघड्या जखमेवरचा भार काढायला प्लास्टर किंवा वेगळा बूट लागतो, आणि ते डॉक्टरच ठरवतात. धाग्याचा स्पर्श सगळीकडे कळत असेल आणि पायाचा आकार बिघडला नसेल, तर नीट मापाचा साधा मऊ बूटही चालतो, एवढा खर्च नको.

बाहेरचा जोड मला दीड हजाराच्या आसपास पडला, घरातला त्याहून थोडा कमी. येत्या आठवड्यात घरातला बदलायला जाणार आहे. या वेळी वेलक्रोऐवजी बकल मिळतं का ते विचारते आणि जुना जोड बरोबर नेते. वाटी कुठे पडली आहे ते कारागिराने बघितलं की नव्यात रबर कुठे वाढवायचं ते त्याला कळेल.