सांगलीतील एक पतसंस्था: सभासद आणि ठेवीदार म्हणून अकरा वर्षांचा अनुभव

गणपती पेठेत माझे भुसार मालाचे दुकान आहे. तेथून जवळच असलेल्या एका पतसंस्थेचा मी गेली अकरा वर्षे सभासद आणि ठेवीदार आहे. मध्यंतरी चार वर्षे कर्जदारही होतो. संस्थेच्या भरभराटीत माझाही थोडा वाटा असल्यामुळे माझ्या मताची जाहिरात होऊ नये, म्हणून संस्थेचे नाव लिहिलेले नाही.

व्याजदर, काउंटरवरील वागणूक आणि लॉकर यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मुदत ठेवीवर ही संस्था पेठेतील इतर संस्थांपेक्षा साधारण अर्धा टक्का कमी व्याज देते. कामकाज वेळेवर सुरू होते. दैनिक ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधीकडे आता छोटे यंत्र आहे आणि पैसे दिल्याबरोबर मोबाइलवर संदेश येतो. पूर्वी पुस्तिकेतील हस्ताक्षरावरच सगळा भरवसा असे, त्या मानाने ही सुधारणा मोठी आहे.

मी या संस्थेकडे वळलो ते एका लेखनिकामुळे. पहिली मोठी ठेव ठेवायला गेलो, तेव्हा त्याने अर्ज पुढे सरकवण्याआधीच सांगितले, "काका, एक गोष्ट आधी सांगतो. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, तसा पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. घरी विचार करून या." बँकांतील ठेवींवरील विम्याची मर्यादा तेव्हा 1 लाख रुपये होती आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख रुपये झाली, पतसंस्था मात्र हा विमा देणाऱ्या महामंडळाच्या कक्षेत तेव्हाही नव्हत्या आणि आजही नाहीत. येणारी ठेव परत जाईल हे दिसत असूनही कर्मचारी असे बोलतो, याचा अर्थ त्याला तसे बोलण्याची मुभा वरून आहे, असे मी समजलो. विम्याचे छत्र नसलेल्या संस्थेत ठेवीदाराचे संरक्षण म्हणजे संचालक मंडळाचा कारभार, आणि म्हणून या परीक्षणात मी त्या कारभाराविषयीच अधिक लिहिणार आहे.

आपल्याकडील वार्षिक सर्वसाधारण सभा कशी असते, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. विषय वाचून पूर्ण होण्याआधीच पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो आणि मागच्या रांगांतील सभासदांचे लक्ष भेटवस्तूच्या टेबलाकडे असते. या संस्थेतही पहिल्या दोन सभा मी अशाच पाहिल्या. तिसऱ्या वर्षी मात्र चेअरमननी अहवालातील एक पान स्वतः उभे राहून वाचले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधील कलम 75 प्रमाणे संचालकांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि त्यांचा संबंध असलेल्या फर्म किंवा कंपन्यांना दिलेल्या कर्जांचा, त्या वर्षातील परतफेडीचा आणि थकबाकीचा तक्ता सभेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. अनेक अहवालांत हा तक्ता शेवटच्या पानांत, भिंग लावून वाचावा लागेल अशा अक्षरांत असतो. येथे तो ताळेबंदाच्या लगेच नंतर, मोठ्या अक्षरांत होता आणि त्यात चेअरमनच्या सुनेच्या नावावरील वाहनकर्जाचे दोन थकलेले हप्तेही होते. ते वाचताना त्यांचा आवाज थोडा खाली आला, पण त्यांनी ते वाचले. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात ती थकबाकी नव्हती.

खरी कसोटी लागली ती ऑगस्ट 2019 मध्ये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि आमच्या पेठेतील दुकाने दिवसेंदिवस पाण्यात राहिली. माझी साखर, डाळ, हळद सगळे गेले. उरला तो चिखल आणि चालू कर्जाचा हप्ता. संस्थेने पूरग्रस्त कर्जदारांना मुदतवाढ देण्याचे ठरवले. त्या यादीत दोन संचालकांचीही दुकाने होती आणि ती खरोखरच बुडाली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही त्यांच्या कर्जांचा विषय निघाला, तेव्हा ते दोघे बैठकीतून बाहेर जाऊन बसले. त्यांना मिळालेली मुदतवाढ इतर दुकानदारांपेक्षा एका महिन्यानेही जास्त नव्हती. हे ऐकीव नाही. पुढच्या वर्षी मी रीतसर अर्ज करून इतिवृत्ताची प्रत पाहिली आणि त्यात दोघांच्या बाहेर जाण्याची नोंद होती. कंपनी कायदा, 2013 मध्येही हितसंबंध असलेल्या संचालकाने तो उघड करावा आणि त्या विषयावरील चर्चेत भाग घेऊ नये, अशी तरतूद आहे. हितसंबंधांचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे सत्यम या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात दिसले होते. डिसेंबर 2008 मध्ये प्रवर्तकाच्या मुलांच्या कंपन्या विकत घेण्याचा ठराव तेथील नामवंत स्वतंत्र संचालकांसमोर आला आणि संमतही झाला. भागधारकांच्या संतापामुळे तो काही तासांतच मागे घ्यावा लागला आणि पुढच्याच महिन्यात खोट्या हिशेबांची कबुली बाहेर आली. आमच्या पेठेतील दोन व्यापाऱ्यांनी जे केले, त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तक्रारीही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत मी विचारले होते, की संचालकाच्या मेहुण्याच्या किंवा व्यवसायातील भागीदाराच्या वैयक्तिक नावावरील कर्ज या तक्त्यात येते का, आणि येत नसेल तर संस्था ते स्वतःहून जाहीर करील का. लेखी उत्तर देऊ, असे सभेत सांगण्यात आले. ते आजतागायत आलेले नाही. जी संस्था सुनेची थकबाकी उघड वाचते, तिने या प्रश्नावर गप्प बसावे, हे मला खटकते.

दुसरी तक्रार महिला संचालकांविषयी आहे. कायद्याने महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत आणि त्या येथे भरलेल्याही आहेत; परंतु इतक्या वर्षांत मी त्यांपैकी एकीलाही सभेत एखादा विषय मांडताना ऐकलेले नाही. अहवालातील त्यांच्या परिचयात पतीचा व्यवसाय छापलेला असतो, त्यांचे स्वतःचे शिक्षण किंवा काम नसते. अशाने राखीव जागेचा हेतू कागदावरच राहतो.

तिसरी बाब दैनिक ठेव प्रतिनिधींची. उन्हापावसात पेठ पालथी घालणारी ही माणसे वर्षानुवर्षे केवळ कमिशनवर आहेत. पुराच्या त्या महिन्यात दुकाने बंद होती, वसुली नव्हती, त्यामुळे त्यांच्या हाती जवळजवळ काहीच आले नाही. कर्जदारांचा विचार करणाऱ्या मंडळाने त्यांचाही विचार करायला हवा होता.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या ठेवीची मुदत संपली. मी ती तेवढ्याच रकमेची, तेरा महिन्यांसाठी पुन्हा ठेवली. मुलाने रक्कम वाढवू या असे सुचवले होते. मेहुण्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत थांबू, असे मी त्याला सांगितले आहे. सप्टेंबरच्या सभेसाठी तोच प्रश्न या वेळी लेखी दिला असून त्याची पोच घेतली आहे.