‘तुमच्या मेंदूचे वय ७८’: या एका आकड्याने माझे आठ महिने नेले

दारात आलेल्या बाईंचं नाव मला आठवेना. वीस वर्षं एकत्र नोकरी केलेल्या बाई. चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, त्यांच्या मुलाचं शिक्षण कुठे झालं तेसुद्धा आठवत होतं, पण नाव काही केल्या ओठांवर येईना. त्या गेल्यावर दहा मिनिटांनी, कपड्यांच्या घड्या घालताना, ते आपसूक आलं. तोवर माझ्या पोटात गोळा उठला होता.

माझं वय ६६. माझ्या आईची शेवटची पाच वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. अखेरीला ती मला ‘ताई’ म्हणायची, म्हणजे तिची थोरली बहीण समजायची. ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांना एखादं नाव विसरणं साधं वाटत नाही. मला फसवणाऱ्यांनी नेमक्या याच जागी हात घातला, म्हणून हे आधी सांगितलं.

त्या रात्री मी मोबाइलवर ‘नावं विसरणे’ असं शोधलं. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनवर जाहिराती यायला लागल्या. त्यातल्या एकीत मोफत स्मरणशक्ती चाचणी होती, चार मिनिटांची. आधी वय विचारलं, मग काही चित्रं दाखवून लपवली, काही आकडे उलटे म्हणायला लावले. शेवटी लाल अक्षरांत निकाल आला: तुमच्या मेंदूचे वय ७८. सविस्तर अहवाल हवा असेल तर फोन नंबर द्या. मी दिला.

सकाळी फोन आला. बोलणारा मुलगा अतिशय शांत, अदबशीर. पहिल्या दिवशी मी ‘मॅडम’ होते, तिसऱ्या दिवशी ‘काकू’ झाले. घरात कुणाला हा आजार होता का, मी कोणती औषधं घेते, दिवसभर घरी कोण असतं, सगळं त्याने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. आईबद्दल बोलताना मला रडू आलं तेव्हा तो थांबला, पाणी प्या म्हणाला. इतकं सावकाश माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

मग तो म्हणाला, “काकू, गेलेला वेळ परत येत नाही. डॉक्टरांकडे गेलात तर ते वय झालं म्हणून सोडून देतील.” आणि त्यानंतर, “घरी आत्ताच सांगू नका. उगाच काळजी करतील. तीन महिन्यांनी फरक दाखवूनच सांगा.”

या दोन वाक्यांपाशी कृपा करून थांबा. डॉक्टरांपासून आणि घरच्यांपासून माणसाला तोडलं की विचारायला तिसरं कुणी उरत नाही. मला हे तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, हा माझी काळजी करतोय.

योजनेत दोन गोष्टी होत्या: कॅप्सूल आणि मोबाइलवरचे मेंदूचे खेळ. पहिला महिना नावापुरत्या पैशांत, त्यानंतर दर महिन्याला कार्डावरून रक्कम आपोआप कापली जाणार. ही अट बारीक अक्षरांत होती आणि मी ती वाचली नाही. दुसऱ्या महिन्यापासून पेन्शनचा जवळजवळ चौथा हिस्सा तिकडे जायला लागला. बाटलीवर घटकांची नावं होती, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) सगळ्यात वर, पण कशाचं प्रमाण किती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

खेळ मी मनापासून खेळले. रोज पाऊण तास. गुण वाढले आणि ‘मेंदूचे वय’ ७८ वरून ७१ वर आलं. तो आनंद खराच होता. पण घरी किल्ल्या तितक्याच वेळा शोधाव्या लागत होत्या. एखादा खेळ रोज खेळला की आपण त्या खेळात तरबेज होतो, मात्र रोजच्या व्यवहारातल्या आठवणीला त्याचा फायदा होईलच असं नाही. अमेरिकेत ‘ल्युमोसिटी’ नावाच्या प्रसिद्ध मेंदूच्या खेळांच्या कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने हाच आक्षेप घेतला होता: हे खेळ वयोमानाने येणारी विस्मृती रोखतात या दाव्याला पुरेसा आधार नाही. २०१६ मध्ये त्या कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. माझी गाठ पडली ती मंडळी वेगळी, दावा मात्र त्याच जातीचा. मी खेळायला लागले त्याच्या कितीतरी आधी हे सगळं जाहीर झालेलं होतं.

पाचव्या महिन्यात मी बंद करायचं म्हटलं. त्याच आठवड्यात माझ्या मेंदूचं वय ७१ वरून ७६ झालं. त्या मुलाचा फोन आला, “बघा काकू, नुसत्या विचारानेच घसरण सुरू झाली.” मी घाबरून पुढचे तीन महिने चालू ठेवलं.

हे थांबलं ते माझ्या शहाणपणाने नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून मी रक्त पातळ करणारी गोळी घेते. हे त्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो म्हणाला होता, नैसर्गिक आहे, कशाबरोबरही चालतं. सातव्या महिन्यापासून दंडावर निळे डाग दिसायला लागले, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का? मी नाही म्हणाले. डॉक्टरांशी खोटं बोलले, आणि याची मला पैशांपेक्षा जास्त खंत आहे. घरी आल्यावर मुलीने डाग पाहिले, कपाट उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर गिंको नको, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो,” एवढंच डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत. पुढे त्यांनी सांगितलं की गिंकोची मोठी तपासणी केव्हाच झाली आहे. ७५ आणि त्यापुढच्या वयाचे ३,०६९ लोक, सुमारे सहा वर्षं, निम्म्यांना गिंको, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २००८ मध्ये निकाल छापून आला: स्मृतिभ्रंश होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की बौद्धिक क्षमतेची घसरण टाळण्यासाठी ब आणि ई जीवनसत्त्वं, विशिष्ट मेदाम्लं किंवा मिश्र पूरकं सुचवू नयेत. रक्ततपासणीत एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता सापडली तर ती भरून काढायची, ती गोष्ट वेगळी.

त्या रात्री मुलगी माझ्या शेजारी बसली. तीच चाचणी उघडली, वय ६६ घातलं आणि कागदावर लिहून घेत प्रत्येक उत्तर बरोबर दिलं. निकाल: ७८. मग स्वतःचं वय ३५ घातलं, पुन्हा सगळी उत्तरं बरोबर. निकाल: ४७. ती म्हणाली, “आई, हे फक्त बारा मिळवतायत.” मी तो मोबाइल हातात घेऊन किती वेळ बसले, सांगता येणार नाही. आठ महिने मी एका बेरजेला घाबरून जगत होते.

खरी चाचणी कशी असते तेही सांगते. डॉक्टरांनी मला शांत खोलीत बसवलं. चाचणी घ्यायला शिकलेल्या माणसाने समोर बसून ती घेतली, दहा-पंधरा मिनिटं. घड्याळाचं चित्र काढून विचारलेली वेळ दाखवायची, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा सांगायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. एकूण गुण ३०. शिक्षण कमी झालेल्यांसाठी वाढीव गुण देतात. मला २७ मिळाले. त्यातून मेंदूचं वय वगैरे काही निघत नाही. पुढे तपास हवा का, एवढंच ठरतं.

नाव उशिरा आठवणं हे वाढत्या वयात बऱ्याच जणांना होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचे हिशेब जमेनासे होणं, असं दिसलं तर मात्र लगेच यायचं. विस्मृतीमागे थायरॉइड, ब-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेचे विकार किंवा चालू असलेली औषधंही असू शकतात, आणि यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय आहे. त्यासाठी वेळेत जावं लागतं. माझे गेलेले आठ महिने म्हणूनच मला इतके लागतात.

माझ्या बाबतीत सापडला तो कान. दोन्ही कानांना वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत होते. “जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार?” डॉक्टर म्हणाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा, कमी दिसणं आणि कमी ऐकू येणं ही त्यातली काही. जगभरात हे सगळे घटक दूर करता आले तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांत आजार टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. मी विचारलं, श्रवणयंत्र लावलं तर मला आईसारखं होणार नाही ना? ते म्हणाले, “तसं वचन मी देऊ शकत नाही. ऐकू नक्की येईल, आणि लोकांत मिसळाल.” आठ महिने मला रोज वचनं मिळत होती. हे उत्तर ऐकून मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले.

आता व्यवहाराचं. योजना बंद करा असा मेल मी आधी त्यांनाच पाठवला. ही चूक करू नका. मेल पोचताच त्यांनी ‘वार्षिक सवलत’ म्हणून एकदम मोठी रक्कम कापून घेतली. आधी बँकेत जा, आपोआप पैसे कापण्याची परवानगी लेखी रद्द करा, कार्ड बदलून घ्या आणि मगच त्यांना कळवा. त्यांच्या पानांचे, निकालांचे, मेलचे फोटो आधीच काढून ठेवा. मी उघडून पाहीपर्यंत माझे जुने निकाल त्यांनी पुसून टाकले होते. मुलीने त्या रात्री काढलेले ७८ आणि ४७ चे फोटो तेवढे वाचले. तक्रारीसोबत तेच जोडले आहेत. पैसे अजून परत आलेले नाहीत. फोन मात्र येतात, नव्या नंबरांवरून, कधी गुडघ्यांसाठी तर कधी झोपेसाठी, आणि समोरच्या माणसाला माझी औषधं आधीच ठाऊक असतात.