क्लच रेस्ट्रिक्टर, नऊ महिन्यांनंतर: लाँच सुधारला, दुसरा गिअर बिघडला

गेल्या सप्टेंबरात मी माझ्या पोलो १.० टीएसआय गाडीच्या क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये ॲडजस्टेबल रेस्ट्रिक्टर, म्हणजे क्लच पकडण्याची गती ठरवणारा छोटा व्हॉल्व्ह, बसवून घेतला आणि नऊ महिने तो गाडीत आहे. गाडी ९९९ सीसी टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल, मूळची ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटरची, त्यावर रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या संगणकाचा प्रोग्राम बदललेली. रोज मुलुंडहून अंधेरीला ऑफिसला हीच जाते आणि वर्षातून तीन-चार वेळा ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या, रांगेतही हीच उभी राहते. या वस्तूबद्दल जे वाचायला मिळते, ते बहुतेक केवळ शर्यतीसाठी ठेवलेल्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाड्यांविषयी असते. घाटकोपरच्या सिग्नलला उभ्या राहणाऱ्या पुढच्या चाकांच्या गाडीत ती कशी वागते, हे मला कुठेही सापडले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझी अडचण लाँच (उभ्या गाडीने जोरात सुटणे) संथ असण्यापेक्षा तो दर वेळी वेगळा असण्याची होती. ड्रॅगमध्ये पहिल्या ६० फुटांना, म्हणजे १८.३ मीटरना, लागणारा वेळ फार महत्त्वाचा असतो, कारण तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, शेवटी साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो, असा जाणकारांचा आडाखा आहे. बसवण्यापूर्वीच्या दहा लाँचमध्ये माझी सर्वांत चांगली वेळ २.४१ सेकंद होती, सर्वांत वाईट २.९३ आणि सरासरी २.६३. गाडी तीच, टायर तेच, जागा तीच. बदलत होता तो फक्त माझा डावा पाय.

यामागचे कारण साधे आहे. क्लच पकडतो तो टप्पा पेडलच्या जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच्या प्रवासात येऊन जातो. पेडल झटक्यात सोडले, तर फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या फिरत्या जड चाकात, साठलेली ऊर्जा एकदम चाकांवर आदळते, आणि गाडीचे वजन मागे झुकून पुढची चाके हलकी होण्याची वेळही नेमकी तीच असल्यामुळे ती जागेवरच फिरू लागतात. पेडल सावकाश सोडले, तर हाफ क्लचवर क्लचची प्लेट घासून जळते आणि वेळही जातो. रेस्ट्रिक्टर हा निर्णय पायाकडून काढून घेतो. अंगठ्याएवढ्या पितळी तुकड्यात एकतर्फी व्हॉल्व्ह असतो; पेडल दाबताना ऑइल त्यातून मोकळे जाते, पण सोडताना त्याला अरुंद वाटेने परतावे लागते, त्यामुळे पाय कितीही झटक्यात उचलला, तरी क्लच आपल्या ठरलेल्या गतीनेच पकडतो. वाट किती अरुंद ठेवायची, हे माझ्या नगावर बारा क्लिकच्या नॉबने ठरते.

बसवताना मनस्ताप झाला, आणि तो विक्रेत्यामुळे. पाकिटात आलेले वॉशर एका मापाचे आणि बँजो बोल्ट (ज्यातून ऑइल जाते तो पोकळ बोल्ट) दुसऱ्या मापाचा निघाला. बदलून मागितले, तर तीन आठवडे फक्त ‘पाठवले आहेत’ एवढेच उत्तर येत राहिले. शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवर ज्यांच्याकडे मी गाडी नेतो, त्या मेकॅनिक काकांनी योग्य मापाचे तांब्याचे वॉशर शोधून काम उरकले. या गाडीत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून ऑइल घेतात, म्हणून लाइनमधली हवा काढण्याचे काम कुणावर तरी ढकलून देण्यासारखे नाही. तिथे चूक झाली, तर ती ब्रेकपर्यंत पोहोचू शकते. गाडी परत देताना काका एवढेच म्हणाले, “साहेब, पेडल आधी वर येतंय आणि प्लेट मागाहून बसतेय. चढावर सांभाळा.” पुढच्या नऊ महिन्यांत जे काही कळले, ते बहुतेक या दोन वाक्यांतच होते.

सराव मी तळोज्याला ओळखीच्या एका कारखान्याच्या बंद आवारात, मालकाच्या लेखी परवानगीने, रविवारी सकाळी करतो. लाँचच्या सरावाला पाव मैलाची गरज नसते. वीस मीटर धाव आणि थांबायला भरपूर मोकळी जागा पुरते. सार्वजनिक रस्त्यावर हे करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हे रात्री रिकामा रस्ता पाहून हात शिवशिवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पहिल्या दोन रविवारी निकाल आधीपेक्षा वाईट आला, आणि मी वस्तू परत करण्याच्या विचारात होतो. रीमॅपमध्ये टू-स्टेप आहे: गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबून रेस दिली, की इंजिन ४,००० आरपीएमवर अडवून धरले जाते. हा अडसर क्लच पेडलच्या स्विचवर चालतो. रेस्ट्रिक्टर बसल्यावर पेडल वर येते, स्विच सुटतो, अडसर उठतो, पण प्लेट अजून बसलेली नसते. त्या निमिषात इंजिन मोकळे सुटते आणि काटा पाच-सहाशेने वर जातो, म्हणजे मी ४,००० वर लाँच करतोय असे समजत असताना क्लच प्रत्यक्षात ४,५०० च्या वर पकडत होता. डॅशबोर्डसमोर मोबाइल लावून संथ गतीत चित्रण केले, तेव्हा हे दिसले. मग अडसर ३,४०० वर आणला. फिरत्या वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे आरपीएम पंधरा टक्क्यांनी उतरवले, तरी फ्लायव्हीलची ऊर्जा जवळजवळ अठ्ठावीस टक्क्यांनी घटते. पुढच्या टायरमधील हवा ३३ वरून २६ पीएसआय केली, नॉब सात क्लिक बंद ठेवला, आणि त्या सकाळी सलग सहा लाँच २.३८ ते २.५१ च्या दरम्यान आले, सरासरी २.४४.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावध राहिलेले बरे. माझा जीपीएस टायमर सेकंदाला दहाच नोंदी घेतो, त्यामुळे इतक्या छोट्या अंतरावर शतांशाच्या फरकावर मी विसंबत नाही. तरीही चित्र स्पष्ट आहे: सर्वोत्तम वेळ जेमतेम हलली, सरासरी मात्र जवळजवळ दोन दशांशांनी उतरली, कारण वाईट लाँच नाहीसे झाले. ज्याचा पाय मुळातच सरावलेला आहे, त्याला ही वस्तू फारसे काही देणार नाही.

हिवाळ्यात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेलो, तेव्हा तळोज्याला पक्के केलेले सात क्लिक सकाळच्या थंडीत पार फसले. थंडीत ऑइल दाट होते आणि अरुंद वाटेतून आणखी सावकाश परतते. क्लच इतका उशिरा बसला, की इंजिन ओरडत राहिले आणि शेजारची गाडी निघून गेली. दोन क्लिक उघडल्यावर जमले, आणि दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा एक क्लिक बंद करावे लागले. आता मी नॉबवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली आहे आणि बोनेट उघडून आधी लाइनला हात लावून पाहतो. ऐकायला गावठी वाटेल, पण उपयोगी पडते. क्लच-ब्रेकचे डॉट ४ ऑइलही मी वर्षाला बदलायचे ठरवले आहे. हे ऑइल हवेतील ओल शोषून घेते. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांची आहे, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नसतो.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. साठ फुटांत सरासरी दोन दशांश वाचल्यावर पाव मैलाला निदान तीन दशांश मिळायला हवे होते. प्रत्यक्षात सरासरी १६.७४ वरून १६.६३ झाली. उरलेला फायदा पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना सांडत होता. रेस्ट्रिक्टरला लाँच आणि गिअर बदल यांतला फरक कळत नाही. दुसरा टाकून पेडल सोडले, तरी क्लच आपल्या त्याच सावकाश गतीने बसतो, इंजिन वर पळते, गाडी मात्र क्षणभर तरंगत राहते. यावर मी शोधलेला उपाय म्हणजे दुसऱ्या गिअरला पेडल तळापर्यंत न दाबता गिअर सुटण्यापुरतेच दाबायचे, म्हणजे परतायचे ऑइलही कमी होते. हे अंगवळणी पडायला दोन महिने गेले, अंदाज चुकला की गिअर करकरतो, आणि तरीही सरासरी १६.५२ च्या खाली आलेली नाही. लाँचनंतर सोलेनॉइडने (विजेवर उघडणाऱ्या झडपेने) ऑइलला मोकळी वाट करून देणारे महागडे प्रकार मिळतात. पुन्हा पैसे घालायचे झाले, तर मी त्यातच घालीन.

शहरातल्या वापराबद्दल थोडक्यात सांगायचे, तर रोज सकाळी नॉब पूर्ण उघडा करूनच निघावे. पहिल्या आठवड्यात तो विसरलो आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पुलाच्या चढावर गाडी अर्धा हात मागे आली. मागच्या रिक्षावाल्याने जे ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. पूर्ण उघड्या नॉबवरही पेडल किंचित मेल्यासारखे लागते, पण सवय होते. पत्नी मात्र तेव्हापासून ही गाडी चालवत नाही.

प्लेटची झीज वाढली आहे, यात शंका नाही, कारण घसरण आता पायाने नाही, तर ठरवून होते आणि प्रत्येक लाँचला होते. सलग तीन लाँचनंतर जळका वास येतो, त्यामुळे मधे दहा मिनिटे थांबतो. क्लच पकडण्याची जागा पूर्वीपेक्षा वर सरकली आहे, आणि काकांच्या अंदाजाने मूळची प्लेट फार तर दिवाळीपर्यंत टिकेल. वस्तू साडेनऊ हजारांची आणि मजुरी अडीच हजार, पण त्यात हा क्लच सेटही धरला, तर गणित बरेच वर जाते. पुढच्या सेटबरोबर रेस्ट्रिक्टर पुन्हा बसवणार आहे, फक्त या वेळी वॉशर आधीच स्वतः मोजून आणीन.