एमडीपी कोल्ड किट: पाचपैकी चार, एक गुण हवेनं खाल्ला

हाडांच्या स्कॅनमध्ये थायरॉइड, लाळग्रंथी, जठर उजळून दिसले की लगेच कॅमेऱ्याच्या इंजिनिअरला फोन लावू नका. आधी कुपी बघा.

एमडीपीचं किट म्हणजे हाडांच्या स्कॅनचं इंजेक्शन तयार करायची, काचेच्या कुपीतली चिमूटभर पांढरी पावडर: हाडात जाऊन बसणारं मिथिलीन डायफॉस्फोनेट (एमडीपी) आणि स्टॅनस क्लोराइड, म्हणजे कथिलाचा क्षार. पावडर स्वतः किरणोत्सारी नसते, म्हणून कोल्ड. वाशीची ब्रिट, ही अणुऊर्जा विभागाची संस्थाही, असे किट बनवते. वापरायला एकदम सोपं. कुपी शिशाच्या पॉटमध्ये ठेवा, परटेक्नेटेट (किरणोत्सारी टेक्नेशियमचं द्रावण) सोडा, जितकं द्रव आत गेलं तितका वायू त्याच सिरिंजनं ओढून घ्या, पावडर विरघळेपर्यंत हलवा, 10-15 मिनिटं थांबा. उकळायची भानगड नाही.

नाजूक आहे ते त्यातलं कथील. ते टेक्नेशियमचं क्षपण करतं, तेव्हाच टेक्नेशियम एमडीपीला धरतं. म्हणून कुपीत नायट्रोजन असतो. सिरिंजमधला बुडबुडा आत गेला, किंवा दाब कमी करायला कुणी जादा सुई खोचून ठेवली, की कथील हवेशीच संपतं आणि मोकळं परटेक्नेटेट थेट थायरॉइड गाठतं. सोमवारचं पहिलं इल्यूशनही (जनरेटरमधून धुऊन काढलेलं परटेक्नेटेट) जपून वापरा: दोन दिवसांत साचलेलं, स्कॅनला निरुपयोगी टेक्नेशियम-99 तेच कथील खातं. ते बाजूला काढून काही तासांनी पुन्हा इल्यूट केलेलं बरं.

पट्टीवरची शुद्धतेची तपासणी (क्रोमॅटोग्राफी) टाळू नका. ॲसिटोनमध्ये मोकळं परटेक्नेटेट वर चढतं, सलाइनमध्ये कोलॉइड (एमडीपीला न जोडलेल्या टेक्नेशियमचे सूक्ष्म कण) खाली राहतं. शुद्धता 95 टक्क्यांच्या खाली गेली तर कुपी बाद. यकृत उजळत असेल तर संशय कोलॉइडवर.

गुण कापला तो एकाच कुपीत दिवस काढायच्या मोहासाठी. दहादा टोचून हवा शिरलेल्या रबरी बुचातून दुपारच्या पेशंटचा डोस काढायचा आणि फिल्म पुसट आली की कुरकुरायचं, हे नेहमीचंच. माहितीपत्रकातली तासांची मर्यादा पाळा. सकाळी एक, दुपारी दुसरी कुपी परवडते.

बाकीचं किटच्या हातात नाही. 740 मेगाबेकरेलचा (किरणोत्साराचं एकक) डोस दिलात, मधल्या तीन तासांत पेशंटला भरपूर पाणी पाजलंत, टेबलावर घेण्याआधी लघवीला पाठवलंत, 140 केईव्हीवर (टेक्नेशियमच्या गॅमा किरणांची ऊर्जा) 20 टक्क्यांची विंडो, म्हणजे कॅमेरा मोजेल तो ऊर्जेचा पट्टा, ठेवलीत, आणि कॅमेऱ्याचा डिटेक्टर मात्र छातीपासून वीतभर वर फिरवलात, तर बरगड्या एकमेकींत मिसळलेल्याच दिसणार.