नॉर्डलिंगन (बव्हेरिया): उल्केच्या खड्ड्यातलं गाव, आधी म्युझियम बघा मग बाकीचं

म्युनिककडची आपली मंडळी पाहुणे आले की रोथेनबुर्गला नेतात, परत पाहुणे आले की परत रोथेनबुर्ग, आणि त्याच रोमँटिक रोडवरचं (जर्मनीतल्या जुन्या गावांना जोडणारा पर्यटनाचा रस्ता) नॉर्डलिंगन राहून जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. डोनाउव्योर्थला गाडी बदलायची, स्टेशनवरून जुन्या गावात चालत जाता येतं.

बहुतेक लोक उतरले की थेट चर्चच्या टॉवरवर चढतात, फोटो काढतात आणि निघतात. तसं नका करू प्लीज. आधी रीसक्रेटर म्युझियमला जा (सोमवारी बंद असतं). 1503 सालच्या एका जुन्या कोठारात आहे ते, आणि तिथे कळतं की आपण उभे आहोत ते सगळं गाव एका खड्ड्याच्या आत आहे. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथे अवकाशातून एक प्रचंड दगड येऊन आदळला, त्याचा खड्डा जवळजवळ 24 किलोमीटर रुंद. आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं, त्यावरून अंदाज करा! 1960 पर्यंत बरेच जण हा जुना ज्वालामुखीच समजत होते, मग शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना इथल्या दगडात कोएसाइट सापडलं, हे खनिज व्हायला जेवढा दाब लागतो तेवढा ज्वालामुखीच्या तोंडाशी नसतोच, तिथे वाद मिटला. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर शेपर्ड आणि मिचेल चंद्रावर जायच्या आधी इथे दगड ओळखायला शिकायला आले होते, आणि नासाने दिलेला चंद्रावरचा खरा दगड म्युझियममध्ये ठेवलाय. मी त्या काचेसमोरून हललेच नाही बराच वेळ.

हे बघून मग सेंट जॉर्ज चर्चकडे गेलात की ती करडी भिंत वेगळीच दिसते, कारण चर्च बांधलंय त्याच आघातात तयार झालेल्या सुएव्हाइट दगडाचं. त्या दगडात अगदी सूक्ष्म हिरे आहेत, खडकातल्या ग्रॅफाइटवर दाब पडून झालेले, डोळ्यांना दिसत नाहीत पण आहेत. दगड मऊ असल्यामुळे झिजतो खूप, दुरुस्ती चालूच असते, त्यामुळे परांची दिसली तर नाराज होऊ नका.

चर्चच्या टॉवरला डानिएल म्हणतात, 90 मीटर उंच, 350 पायऱ्या. वरून लाल कौलांचं गोल गाव आणि त्याभोवतीचा तट अख्खा दिसतो. एक सांगते, तो तट म्हणजे खड्ड्याची कड नाही, खूप जणांचा तसा समज होतो. खड्ड्याची कड म्हणजे लांबवर क्षितिजाला दिसणारे डोंगर. तटाचं काम 1327 मध्ये सुरू झालं, लांबी 2.7 किलोमीटर, पाच वेशी, आणि वरून छप्पर घातलेल्या वाटेने पूर्ण फेरी मारता येते, फुकट, पावसात सुद्धा.

1440 ची गोष्ट ऐकाच. शेजारच्या सरदाराने पहारेकऱ्यांना पैसे चारून एक वेस रात्री उघडी ठेवायला लावली होती, पण एक डुक्कर त्या दाराला अंग घासत होतं आणि दार हललं म्हणून गावाला पत्ता लागला असं सांगतात. आजही टॉवरवरचा पहारेकरी रात्री 10 ते 12 दर अर्ध्या तासाने हाक देतो. ती ऐकायची तर मुक्काम करा.

मारिया होलचं कारंजं मात्र चुकवू नका. ही इथली खानावळवाली बाई, 1593-94 मध्ये चेटकीण ठरवून तिचा साठहून जास्त वेळा छळ केला, तिने कबूल केलं नाही म्हणजे नाहीच, शेवटी सोडावं लागलं. तिच्यासारख्या कितीतरी बायकांना त्या वर्षांत इथे जाळलं. मला तर हे गावातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण वाटलं. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धातली 1634 ची लढाई इथे झाली, तिच्यासाठी मात्र वेगळा वेळ काढायची गरज नाही, स्वीडिश फौज गावाबाहेरच्या टेकड्यांवर हरली, टॉवरवरून तो भाग दिसतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो टॉवरसाठी, लिफ्ट नाही आणि जिना काही ठिकाणी अरुंद, आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना तटावरूनच फिरवा, तिथेही चढायला जिने आहेत पण थोडेच. मुलं दगडांमध्ये रमणारी असतील तर म्युझियमला दोन तास ठेवा.