स्विमिंग पूलभोवतीचं लॉन आणि आमचे एक लाख रुपये

गेल्या आठवड्यात गारगोटीकडच्या एका ताईंचा फोन आला. "तुमच्या पूलभोवती लॉन घातलंय, ते काम कसं झालंय ओ? त्या माणसानं तुमच्याकडचा फोटो दाखवलाय." फोटोच्या कोपऱ्यात आमच्या होमस्टेची पाटी दिसते, त्यावरून त्यांनी नंबर शोधला होता. त्यांना सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "लिहून काढ. अजून किती जणांना तोच फोटो दाखवत फिरत असेल." म्हणून लिहितेय.

आमचं घर केर्लीच्या पुढं, पन्हाळ्याच्या वाटेवर. उसाची काळी जमीन. मागच्या अंगाला १२ बाय २४ फुटांचा पूल आहे. भोवतीच्या मातीचा चिखल मुलांच्या पायाला लागून पाण्यात यायचा, म्हणून उन्हाळी सुट्टीआधी आर्टिफिशियल लॉन घालायचं ठरवलं.

कोल्हापुरातलाच एक ठेकेदार ओळखीतून आला. तिशीतला, बोलायला गोड, आल्या आल्या वाकून पाया पडला. हातात तळहाताएवढा नमुना. ४० मिलिमीटरचं गवत, इतकं दाट की बोटं घातली तरी बूड दिसत नव्हतं. "काकू, २०१९ सारखा पाऊस लागला तरी तासाभरात निचरा होणार बघा." चार इंच खोदाई, वर जिओटेक्स्टाइल कापड (माती अडवून पाणी जाऊ देणारं), मग खडी आणि क्रश सँड दाबून, उतार पूलपासून बाहेर, सांधे टेपवर गमनं चिकटवायचे, असं सगळं धरून चौरस फुटाला १३० रुपये सांगितले. कामाची त्याला पूर्ण माहिती होती, आणि मी भुलले ती तिथंच. ज्याला काम कसं करायचं ते इतकं नेमकं माहीत आहे तो ते करेलच, असं मी धरून चालले.

मोजमाप त्यानंच घेतलं. ८०० चौरस फूट, "वेस्टेज धरून". १ लाख ४ हजार झाले, तर वरचे ४ हजार "तुमच्यासाठी" म्हणून सोडले. ७० हजार ॲडव्हान्स दिला. नंतर आम्ही स्वतः टेप लावली. पट्टा साडेसहा फूट रुंद, जागा जेमतेम ६४० चौरस फूट. लॉनचा रोल २ मीटर रुंद असतो, म्हणजे तोही साडेसहा फूटच. वाया जाणार तरी काय? १६० चौरस फुटांचे २० हजार ८०० रुपये त्यानं हवेतले लावले होते आणि ४ हजार सोडल्याबद्दल मी त्याला चहा-पोहे खाऊ घातले होते.

काम सुरू व्हायचं त्या शनिवार-रविवारी इचलकरंजीत भाचीचं लग्न होतं. त्याला ते माहीत होतं. "बिनघोर जावा लग्नाला, काय काळजी करू नका." रविवारी संध्याकाळी परत आलो तर सगळं हिरवंगार. ह्यांनी तिथंच उरलेले ३० हजार दिले. त्याचवेळी त्यानं तो फोटो काढला.

जूनच्या दुसऱ्या जोराच्या पावसात पाय ठेवला की पचपच आवाज यायला लागला. तिसऱ्या दिवशी पूल चहासारखा. उतार पूलकडेच होता. पायऱ्यांजवळचा सांधा उघडला होता, तिथून मी कोपरा धरून ओढला आणि तो हातात आला. खाली कापड नाही, खडी नाही. काळ्या मातीवर बोटभर मुरूम, त्याचाही लगदा झालेला, आणि गटारीसारखा वास. सांध्याला टेप नाही, गम नाही, नुसते तीन इंची लोखंडी खिळे. त्यातला एक वर आला होता तो पुतण्याच्या मुलाच्या टाचेत घुसला. सात वर्षांचं पोर. धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं, पण त्याचं ते रडणं माझ्या कानातून अजून जात नाही.

मग कपाटातून नमुना काढला. नमुन्याची पाठ पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगची, गुळगुळीत. आमच्याकडं घातलेल्याची पाठ काळ्या लॅटेक्सची, हातात भुगा होणारी. पट्टी लावली तर गवत २५ मिलिमीटर.

फोन केला तर आधी "माती बसली असेल", मग "पाऊस उघडू दे", मग फोनच उचलेना. कोटेशनवरचा जीएसटी नंबर बघायला घेतला तर तो १४ अक्षरांचा. खरा १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, आणि पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम होतं, ॲडव्हान्स देण्याआधी करायला हवं होतं.

पूल रिकामा करायला निघालो होतो, ते फिल्टरवाल्यानं थांबवलं. पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलेलं असताना टाकी रिकामी केली तर खालचं पाणी तिला उचलतं, तडे जातात. तुरटी टाकून गाळ बसवला आणि व्हॅक्यूमनं ओढून काढला.

गारगोटीच्या ताईंना मी सांगितलं ते इथंही सांगते. नमुना परत देऊ नका, त्यावर त्याची सही घ्या. रोल आला की आधी उलटा करून पाठ बघा. खोदाई झाल्यावर, खडी दाबल्यावर, प्रत्येक वेळी बादलीभर पाणी ओतून ते कुठं जातंय ते डोळ्यांनी बघा आणि मगच पुढचा हप्ता द्या. त्या दिवशी घरात कुणाचंही लग्न असो, एकानं तिथं थांबायचंच. आणि ऊन्हात हे लॉन तापत नाही असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. प्लास्टिक ते, भर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलांमार्फत नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. उखडलेलं लॉन गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलंय, नमुना आणि खिळे पिशवीत घालून त्याच्यासोबत. ताईंनी काल कळवलं, त्यांनी त्याला खोदाईनंतर पैसे देते म्हटलं, तर तो परत आलाच नाही.