सहा महिने, बारा पाठ : दूरशिक्षणाने छायाचित्रण शिकताना

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी छायाचित्रणाच्या एका दूरशिक्षण अभ्यासक्रमाला नाव घातले. सहा महिन्यांचा म्हणून सांगितलेला तो अभ्यासक्रम पूर्ण व्हायला मला सात महिने लागले. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घडणीचे, म्हणजे छापील पाठ, चित्रफीत, स्वाध्याय आणि शेवटी प्रमाणपत्र अशा रचनेचे अभ्यासक्रम आज अनेक जण चालवतात. माझ्या अनुभवातले बरेचसे त्यांपैकी कोणत्याही अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्या नवशिक्याला उपयोगी पडेल, असे वाटते.

मी वाईला एका पतसंस्थेत नोकरी करते. कॅमेरा कॅनन १५००डी, तोही जुना घेतलेला, सोबत आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्ससह. दूरशिक्षण मला नवे नव्हते. लग्नानंतर मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी. ए. केले आहे. रविवारी अभ्यासकेंद्रावर होणारी संपर्कसत्रे, घरी बसून लिहायचे स्वाध्याय आणि स्वतःच स्वतःला शिस्त लावण्याचा तो सगळा खटाटोप मला ठाऊक होता. त्यामुळे जाहिरातीतल्या 'आपल्या सवडीने शिका' या वाक्याने मी हुरळून गेले नाही. सवड ही काढावी लागते, एवढे मी तेव्हाच शिकले होते.

शुल्क १४,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि ही गोष्ट जाहिरातीत अगदी बारीक अक्षरांत होती. एकूण १६,५२० रुपये भरल्यावर बारा पाठांचा दरवाजा उघडला. प्रत्येक पाठात पंधरा-वीस पानांचे टिपण, साधारण चाळीस मिनिटांची चित्रफीत आणि पाच छायाचित्रांचा एक स्वाध्याय. स्वाध्याय पाठवला की शिक्षकांचा लेखी अभिप्राय येणार आणि मग पुढचा पाठ खुला होणार, अशी व्यवस्था होती.

पहिले पाच पाठ कॅमेऱ्याची ओळख आणि एक्स्पोजर (छायाचित्रात किती प्रकाश घ्यायचा ते) यांवर आहेत, आणि येथे अभ्यासक्रमाने आपले काम नीटनेटके केले आहे. ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) या तिघांचे नाते उदाहरणांनी, न घाबरवता समजावले आहे. एकच दृश्य आठ वेगवेगळ्या मांडणीत टिपायला सांगणारा तिसरा स्वाध्याय तर उत्तमच होता. तो केल्यावर मी कॅमेऱ्याची चकती 'ऑटो'वरून हलवली आणि नंतर क्वचितच परत तिथे नेली. मात्र 'आकडा मोठा, तर छिद्र लहान' हा नियम पाठ करा, एवढे सांगून टिपण पुढे सरकते. असे का, याचे उत्तर मला मार्क लेव्हॉय यांच्या व्याख्यानांत सापडले. स्टॅनफर्ड विद्यापीठात ते डिजिटल छायाचित्रण शिकवत. २०१६ साली गूगलमध्ये त्यांनी दिलेली अठरा व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. लेन्सच्या फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागले की तो आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचे छिद्र आणि एफ/४ म्हणजे साडेबारा मिलिमीटरचे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पावपट होते, म्हणून २, २.८, ४, ५.६, ८, ११ या विचित्र वाटणाऱ्या माळेत पायरीगणिक प्रकाश निम्मा होत जातो. हे एकदा कळले की पाठांतर करावे लागत नाही. पैसे देऊन घेतलेल्या अभ्यासक्रमात हा एक परिच्छेद का असू नये, हे मला समजले नाही.

आता उदाहरणांविषयी. टिपणे इंग्रजीत आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही; भाषा सोपी आहे. पण त्यांतला सगळा प्रकाश दुसऱ्याच देशाचा आहे. शरद ऋतूतली लाल पाने, बर्फाने झाकलेली अंगणे, आणि संध्याकाळी तास-दीड तास रेंगाळणारे सोनेरी ऊन. आपल्याकडे, सुमारे अठरा अक्षांशांवर, सूर्य तिरपा न रेंगाळता जवळजवळ सरळ खाली उतरतो. त्यात वाईच्या चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे पश्चिमेचे ऊन वेळेआधीच उचलले जाते. पुस्तकातल्या 'गोल्डन अवर'च्या भरवशावर मी पहिल्यांदा चहा घेऊन निवांत गणपती घाटावर गेले, तेव्हा ढोल्या गणपतीच्या कळसावरचे शेवटचे ऊन माझ्या डोळ्यांदेखत विझले. तेव्हापासून मी पहाटे जाते.

सातव्या पाठाच्या स्वाध्यायात तर याहून मजेदार प्रसंग घडला. 'भर दुपारच्या कडक उन्हातल्या सावल्यांचे आकार टिपा,' असा तो स्वाध्याय होता. माझी पाळी आली मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या सुमारास आमच्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. अंगणातल्या दांडीची सावली दांडीच्याच पायाशी गोळा होऊन बसली होती. मी तीच छायाचित्रे पाठवली आणि सोबत दोन ओळींत कारण लिहिले. अभिप्राय आला : 'सावल्यांचा अधिक विचार करावा.' माझ्या त्या दोन ओळी कोणी वाचल्याच नव्हत्या, हे उघड होते.

तरीही परक्या उदाहरणांचा उपयोग होत नाही, असे मी म्हणणार नाही. ती आपल्या प्रदेशात उतरवून घ्यावी लागतात, इतकेच. बर्फाचा धडा हे त्याचे उत्तम उदाहरण. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मधल्या करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे बर्फाचे चौकटभर पांढरे दृश्य तो मळकट करून टाकतो, आणि म्हणून एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवावे, असे टिपणात लिहिले होते. मी बर्फ पाहिलेला नाही. पण आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदला आली तेव्हा मी सुट्टी काढून गेले होते, आणि चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात समोर सगळे धोतर, सदरे आणि टोप्यांचे पांढरे. पहिली दहा-बारा छायाचित्रे पाहिली तर माणसे धुरकट, जणू कपडे आठवडाभर धुतलेले नाहीत. बर्फाचा धडा आठवला, एक्स्पोजर सव्वा स्टॉपच्या आसपास वाढवले आणि पांढरे पांढरे झाले. आता काळ्या म्हशीचे छायाचित्र काढताना मी उलट करते. शुल्कापैकी निदान दोन हजार रुपये मला त्या एका दुपारी वसूल झाले, असे मी मानते.

आठव्या पाठापासून अभ्यासक्रमाचा तोल जातो. प्रवेशाच्या वेळी 'कोणताही कॅमेरा चालेल' असे सांगितलेले असताना व्यक्तिचित्रणाच्या पाठात गृहीत धरलेली लेन्स एफ/१.८ची आहे आणि प्रकाशासाठी दोन दिवे सांगितले आहेत. माझी लेन्स ५५ मिलिमीटरला एफ/५.६च्या पलीकडे उघडत नाही. मी सासूबाईंना दाराशी तांदूळ निवडायला बसवले, पाठीमागची भिंत धूसर व्हावी म्हणून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवली आणि समोरच्या खुर्चीवर मामंजींचे धुतलेले धोतर पसरून त्यावरून उजेड परतवला. छायाचित्र चांगले आले. पण हा मार्ग टिपणात सांगायला हवा होता. बहुतेक नवशिक्यांकडे माझ्यासारखीच लेन्स असते. अकराव्या पाठातल्या संपादनाचेही तेच. तिथे दरमहा पैसे मोजावे लागणारी एकच प्रणाली शिकवली आहे. डार्कटेबल, रॉथेरपी किंवा गिंप या विनामूल्य प्रणाली अस्तित्वात आहेत, याचा उल्लेखसुद्धा नाही. रॉ फाइलचे (कॅमेऱ्याने टिपलेली माहिती न आकसता ठेवणाऱ्या फाइलचे) गुणगान पानभर आहे, आणि स्वाध्यायासाठी मात्र पाच एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही. माझ्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल पंचवीस एमबीच्या आसपास असते. म्हणजे शिक्षकांनी पाहिली ती नेहमी आकसलेली जेपेग.

शिक्षकांचा अभिप्राय हा या परीक्षणाचा मुख्य विषय आहे. व्याख्याने जगभरची विनामूल्य मिळतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने कोर्सेरावर आणलेला, छायाचित्रे कशी पाहावी हे शिकवणारा अभ्यासक्रम मी याच काळात पैसे न देता पाहिला, आणि नजरेच्या दृष्टीने तो माझ्या बारा पाठांपेक्षा सरस होता. मग १६,५२० रुपये कशाचे? आपण काढलेली छायाचित्रे कोणीतरी जाणकार बसून पाहील आणि आपल्याला न दिसणारी चूक दाखवील, याचे. दुसरे काही मी विकत घेतले नाही, असे म्हटले तरी चालेल.

आणि दुसऱ्या स्वाध्यायापर्यंत ते मला मिळालेही. त्या वेळच्या शिक्षिकेने माझी दोन्ही स्वाध्यायांची दहाही छायाचित्रे एकत्र मांडून लिहिले होते की, ही सगळी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेली आहेत; पुढच्या वेळी एकदा जमिनीवर बसा आणि एकदा जिना चढा. इतकी साधी गोष्ट, पण मला स्वतःला ती कधीच दिसली नसती. त्यानंतर मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर, पाण्याला टेकून बसले. रोज पाहिलेला घाट तिथून पायऱ्यांचा डोंगर होऊन उभा राहिला. धुणे धुणाऱ्या बायकांचे हात चौकटीत मोठे झाले, पाठीमागचे मंदिर लहान झाले आणि काय महत्त्वाचे हे चित्रात आपोआप ठरले. (चित्रपटवाले वाईत येऊन कॅमेरा पाण्याजवळ का लावतात, हा माझा जुना प्रश्नही त्या दिवशी सुटला.)

चौथ्या स्वाध्यायापासून शिक्षक बदलले असावेत. अभिप्राय तीन दिवसांऐवजी दहा-बारा दिवसांनी येऊ लागला. महिनाभराचा उशीर झाला तो यामुळेच, कारण अभिप्राय आल्याखेरीज पुढचा पाठ उघडत नाही. सहाव्या आणि आठव्या स्वाध्यायांवरचा अभिप्राय स्वल्पविरामांसकट सारखा होता. मी तसे कळवले. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे,' असे उत्तर आले. मुक्त विद्यापीठाच्या संपर्कसत्रात समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, कंटाळलेले असले तरी समोर असत आणि आपण पुन्हा विचारू शकत असू. येथे पुन्हा विचारायला समोर कोणीच नव्हते.

ती उणीव शेवटी गावातच भरून निघाली. बाजारपेठेत एक स्टुडिओ आहे. लग्ने, बारशी आणि पासपोर्टचे फोटो यांवर चाळीस वर्षे काढलेले अण्णा तो चालवतात. आठव्या स्वाध्यायाची छायाचित्रे छापून घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी ती काउंटरवर पत्ते मांडावेत तशी मांडली आणि तीन बाजूला काढून म्हणाले, "ताई, ह्या तिन्हींत तुम्ही घाई केलीय. माणूस अजून तुमच्याकडंच बघतोय." खरे होते. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी वीस-पंचवीस छायाचित्रे चार बाय सहाच्या आकारात छापून त्यांच्याकडे नेते. पडद्यावर चालून जाणारी चूक कागदावर चालत नाही, हे अभ्यासक्रमात कुठेही लिहिलेले नाही. उलट, हिस्टोग्राम (छायाचित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) कशाला पाहायचा किंवा ५५ मिलिमीटरला, आमच्या कॅमेऱ्याच्या १.६ पट क्रॉपचा (लहान सेन्सरमुळे दृश्य तेवढे जवळ आल्यासारखे दिसते, त्याचा) हिशेब धरून, हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा शटर स्पीड सेकंदाच्या नव्वदाव्या भागाखाली का नेऊ नये, हे अण्णांना हाताला माहीत आहे, पण शब्दांत सांगता येत नाही. ते मला टिपणांनी दिले, आणि ते अण्णांना सांगताना मलाही जरा मोठेपणा वाटला.

तेव्हा माझे मत असे. पूर्ण नवशिक्याला क्रमवार अभ्यास, मुदतीचा धाक आणि एक्स्पोजरची पक्की पायाभरणी हवी असेल, तर असा अभ्यासक्रम उपयोगी आहे. माझ्या अभ्यासक्रमाचे पहिले सात पाठ मी पाचांपैकी चार गुणांचे मानीन. आठ ते बारा या पाठांना दोनहून अधिक देववत नाहीत. प्रमाणपत्राला मी गुण देत नाही. ते पीडीएफ आहे आणि त्यावर माझ्या आडनावाची वेलांटी चुकली आहे. पुण्याला दर आठवड्याला जाणे ज्यांना शक्य आहे, त्यांनी प्रत्यक्ष वर्गाचाच विचार करावा. वाईहून नोकरी सांभाळून मला ते शक्य नव्हते, आणि ही अडचण बहुतेक तालुक्यांच्या गावांत असणार.

प्रवेश घेण्याआधी नमुन्याची चित्रफीत सगळेच दाखवतात. मी मात्र नमुन्याचा अभिप्राय मागायला हवा होता. परवाच त्या संस्थेकडून 'पुढील पातळी'च्या अभ्यासक्रमासाठी तीस टक्के सवलतीचे पत्र आले. माझे स्वाध्याय कोण तपासणार आणि पहिल्या दोन वेळच्या त्या बाई अजून तिथे आहेत का, एवढे मी उलट विचारले आहे. उत्तर यायचे आहे.